भिंतीची जात आणि गिलावा

देवळाली प्रवरासारख्या जुन्या गावठाणात मातीची भिंत खचायला लागली, की घरधनी गवंड्याला सांगतो, ‘सिमेंट मारून टाका.’ ऐकून जीव कळवळतो. पांढऱ्या मातीची भिंत जमिनीतली ओल ओढते आणि उघड्या अंगाने बाहेर सोडते. सिमेंटच्या थराने ती वाट बुजते. ओल आत साचते, माती भुसभुशीत होते, गिलाव्याचे पोपडे सुटतात आणि बोल गवंड्याला लागतो.

मातीच्या भिंतीला तिच्याच जातीचा लेप हवा. पांढरी माती, गव्हाचा भुसा, शेण कालवून मुरत ठेवायचं, मग पायाने तुडवायचं. सुकताना पडणाऱ्या भेगा भुसा धरून ठेवतो. ही युक्ती फार जुनी. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचं 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं.

वाड्यांचा माल चुन्याचा. काळ्या रानात निघणारे चुनखडीचे खडे भट्टीत भाजायचे, पाण्यात विरवायचे आणि वाळूबरोबर बैलाच्या घाणीत दळायचे. गोल चरात दगडी चाक फिरत राही. माल लोण्यासारखा झाला की घाणी थांबे. त्यात विटांचा भुगा म्हणजे सुरखी, कुठे गुळाचं पाणी, कुठे बेलफळाचा गर. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश पुन्हा दगड होतो. नगरच्या फराहबागेतला सोळाव्या शतकातला चुना पाहावा. प्रवरेवरचं 1926 चं भंडारदरा धरणही चुन्यातल्याच दगडी बांधकामाचं.

विटांच्या भिंतीला मात्र सिमेंट चालतं. आतून साधारण 12 मिलिमीटर, सिमेंट-वाळू एकास सहा. छताला 6 मिलिमीटर, एकास चार किंवा तीन, कारण तिथे माल उलटा टांगलेला असतो. आधी काँक्रीटला छिन्नीने टाचे, विटांचे सांधे खरवडणं, भिंत भिजवणं. ओळंबा धरून ठिपके लावायचे, थापीने माल फेकायचा, पट्टीने ओढायचा, लाकडी रंध्याने घोटायचा, वर नीरू म्हणजे चुन्याचा गुळगुळीत थर. वीट आणि काँक्रीटच्या जोडावर जाळी हवीच. कालवलेला माल अर्ध्या-पाऊण तासात संपवावा. घट्ट झाल्यावर वरून पाणी ओतून तो जिवंत होत नाही. पुढे किमान सात दिवस पाणी मारायचं, आणि घरोघरी कसूर होते ती इथेच.

वाळूचं दुखणं वेगळं. श्रीरामपूर तालुक्यात नायगावला राज्यातला पहिला सरकारी वाळू डेपो 1 मे 2023 ला सुरू झाला, तेव्हा दर ब्रासला 600 रुपये होता. तरी आता बहुतेक ठिकाणी दगड दळून केलेली क्रश सँडच येते. गिलाव्यासाठी ती बारीक, धुतलेली असावी. दगडाची भुकटी जास्त असली की भिंतीवर केसासारख्या भेगांचं जाळं उमटतं.

जिप्समच्या गिलाव्याला ना वाळू लागते, ना पाणी मारणं, म्हणून बैठकीच्या खोलीत आणि छताला तो सोयीचा. न्हाणीघरात आणि बाहेरच्या भिंतीला तो लावू नये. पाण्यात तो टिकत नाही.