मॅरेथॉनची पूर्वतयारी : लेखांक सातवा
आधी पंचांग, मग आराखडा

गेल्या लेखांकात आपण आठवड्याच्या लांब धावेचा, म्हणजे धावपटूंच्या नित्य बोलण्यातील ‘लाँग रन’चा, विचार केला. तो वाचून कोणाही संसारी माणसाच्या मनात शंका यावी ती अशी, की अठरा आठवडे चालणारा हा अभ्यासक्रम सणवार, लग्नकार्ये, मुलांच्या सुट्ट्या आणि पाहुणेरावळे यांतून निभावून न्यावा कसा? मुंबईची मॅरेथॉन धावू इच्छिणाऱ्यास तर ही शंका टाळताच येत नाही. कारण २००४ साली सुरू झालेली ही शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी घेण्याचा प्रघात असल्यामुळे तिच्या तयारीचा काळ भाद्रपदापासून पौषापर्यंतचा, म्हणजे मराठी घरातील उत्सवांचा आणि पुढे लग्नसराईचा, असा येतो.

त्यातही गुंतागुंत अशी, की शर्यत इंग्रजी वाराला बांधलेली, तर आपले सण तिथीला. २०२५ साली लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला झाले. २०२६ साली ज्येष्ठ अधिक आल्याने ते ८ नोव्हेंबरला येते, आणि त्यामुळे दिवाळी व शर्यत यांमधील अंतर जवळजवळ तेरा आठवड्यांवरून बरोबर दहा आठवड्यांवर उतरते. गेल्या वर्षीचा आराखडा यंदा जसाच्या तसा पुढे चालवणारा धावपटू येथेच फसतो. जानेवारी २०२७ मधील तिसरा रविवार १७ तारखेस येतो; तेथून अठरा आठवडे मागे मोजले, तर तयारीचा पहिला दिवस १४ सप्टेंबर हा निघतो, आणि नेमकी त्याच दिवशी गणेशचतुर्थी आहे! ज्या घरी गणपती बसतो तेथे त्या दिवशी पहाटे धावायला जाण्याचा आग्रह धरू नये हे उघड आहे. पण ही गोष्ट आधीच ठाऊक असेल, तर तयारी एक आठवडा अगोदर सुरू करून अंगी थोडी शिल्लक बांधता येते.

सुट्टीने शरीराचे नेमके किती नुकसान होते, याविषयी मात्र भावनेपेक्षा प्रयोगांचा कौल घ्यावा. एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वर्षानुवर्षे कसलेल्या खेळाडूंनी सराव संपूर्ण बंद केल्यावर प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता पहिल्या तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्क्यांनी आणि आठ आठवड्यांत सुमारे १६ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. म्हणजे चार दिवसांच्या विश्रांतीने मोठे काही गमावले जात नाही. गमावले जाते ते आठवड्यांच्या खंडाने. याहून उद्बोधक प्रयोग रॉबर्ट हिक्सन यांचे आहेत. आठवड्यातून सहा दिवस, रोज चाळीस मिनिटे सराव करणाऱ्यांचे दिवस त्यांनी चारावर किंवा दोनावर आणले, अथवा चाळीस मिनिटांची सव्वीस किंवा तेरा मिनिटे केली, तरी पंधरा आठवडे ही क्षमता टिकून राहिली. परंतु दिवस व मिनिटे तीच ठेवून श्रमाची तीव्रता घटवताच ती खालावली. आणखी एक सूक्ष्म बाब अशी, की तेरा मिनिटांच्या गटाची दीर्घकाळ टिकण्याची शक्ती मात्र कमी झाली. यातून धावपटूने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे : सणाच्या आठवड्यात धावण्याचे दिवस आणि अंतर खुशाल कमी करावे, परंतु जे थोडके धावणे उरेल त्यात एकदा तरी वेगाचा सराव ठेवावा, आणि लांब धाव एखाददुसऱ्या आठवड्यापलीकडे सोडू नये.

हेच सूत्र आता दिवाळीला लावून पाहू. वरील हिशेबाने २०२६ मधील लक्ष्मीपूजन आठव्या आठवड्याच्या रविवारी येते आणि नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नानही त्याच पहाटे असते; म्हणजे ज्या घटकेला एरवी लांब धावेस निघायचे, त्याच घटकेला घरात उटणे, तेल आणि आंघोळीची घाई. सुदैवाने दर चौथ्या आठवड्यास भार हलका करण्याची रीत बहुतेक प्रशिक्षक पाळतात, आणि चौथ्यानंतर तसा आठवडा आठवाच असल्यामुळे त्या आठवड्यातील बेताची लांब धाव धनत्रयोदशीच्या आधी, बुधवारी किंवा गुरुवारी, उरकून घेता येते. त्यानंतरच्या पाडवा-भाऊबीजेच्या दिवसांत अर्ध्या तासाचे धावणे पुरे. तेही फटाक्यांचा धूर हवेत कोंडून राहिलेला असेल, तर सरळ रद्द करावे. नवरात्रात नऊ दिवसांचा उपवास धरणाऱ्यांनी वेगाचा सराव त्या दिवसांपुरता बाजूला ठेवून अंतरही आखडते घ्यावे, आणि रताळे, राजगिरा, साबुदाणा व भरपूर पाणी यांवर शरीर सांभाळावे. निर्जळी उपवासाच्या दिवशी धावूच नये.

एवढे करूनही एखादी लांब धाव बुडालीच, तर मनुष्यस्वभाव तिला थकबाकी समजून पुढच्या आठवड्यात व्याजासह वसूल करू पाहतो, आणि दुखापतींचे मूळ बहुधा या वसुलीत असते. हृदय व फुप्फुसे वाढता भार लवकर पत्करतात, पण स्नायुबंध आणि हाडे तितक्या तत्परतेने तयार होत नाहीत. म्हणून बुडालेले अंतर माफ करावे आणि आराखड्यात जेथे होतो तेथूनच पुढे चालावे.

सवलतीचा हा उदारपणा डिसेंबरात मात्र आवरता घ्यावा. बाराव्या ते पंधराव्या आठवड्यांत, म्हणजे ३० नोव्हेंबर ते २७ डिसेंबर या मुदतीत, तीस-बत्तीस किलोमीटरच्या धावा येतात, ४२.१९५ किलोमीटरच्या पल्ल्याचा पाया याच आठवड्यांत पक्का होतो, आणि नेमकी तेव्हाच लग्नसराई व नाताळची सुट्टी असते. लग्नास अवश्य जावे; पण आदल्या रात्रीचे जागरण आणि दुसऱ्या दिवशीची लांब धाव ही जोडी जुळवू नये, त्यापेक्षा ती धाव दोन दिवस अलीकडे घ्यावी. सहल ठरवताना पहाटे धावण्याजोगा सुरक्षित रस्ता मुक्कामाच्या ठिकाणी आहे काय, याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी. २८ डिसेंबरपासून अंतर क्रमाक्रमाने उतरवण्याचे तीन आठवडे सुरू होतात, आणि मग संक्रांतीची गुळाची पोळी निर्धास्तपणे खावी.

राहिला घरातील माणसांचा प्रश्न. माझे निरीक्षण असे, की कुटुंबाची तक्रार धावण्याविषयी क्वचितच असते. ती असते अनिश्चिततेविषयी. तीस किलोमीटरच्या धावेत तीन तासांहून अधिक वेळ जातो, आणि त्यानंतरची न्याहारी व झोप धरली, तर रविवारचा निम्मा दिवस संपतो. हा निम्मा दिवस कोणता, हे घरच्यांना महिनाभर आधी कळले पाहिजे. यासाठी स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर प्रथम इतरांनी आपापली कार्ये, परीक्षा व प्रवास लिहावेत आणि उरलेल्या जागेत धावपटूने आपल्या धावा मांडाव्यात. धावणारी व्यक्ती घरातील स्त्री असेल, तर आणखी एक न्याय पाळणे अगत्याचे आहे : फराळासाठी तासन्‌तास चुलीपुढे उभे राहणे हेही पायांवरचे श्रमच आहेत, तेव्हा ते काम घरातल्यांनी वाटून घ्यावे, आणि तिची पहाट तिला मोकळी ठेवावी.

पुढील लेखांकात शेवटच्या तीन आठवड्यांतील विश्रांतीचा विचार करू. तोपर्यंत वाचकांनी एवढेच करावे : आपला आराखडा घेऊन भिंतीवरील पंचांगासमोर बसावे आणि दोहोंचा जेथे जेथे विरोध येतो, तेथे तेथे आजच शिसपेन्सिलीने खूण करावी.