परिचर्येचे प्रश्न आणि ग्रंथालयाची वाट

मांडीचे हाड मोडून अंथरुणास खिळलेल्या वृद्धाच्या माकडहाडापाशी एके दिवशी तांबूस डाग दिसतो. शय्याव्रणाची ही पहिली खूण होय. त्या जागी चोळावे की चोळू नये? जुन्या शिकवणुकीत स्पिरिट लावून पाठ चोळण्याचा पाठ होता आणि परिचारिकांच्या कित्येक पिढ्यांनी तो निष्ठेने पाळला. पुढे मत पालटले. दाबाने आधीच दुखावलेल्या त्वचेला चोळण्याने अधिक इजा होण्याचा संभव असतो, म्हणून २००९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी असे चोळणे वर्ज्य ठरविले. विद्यार्थिनीच्या हाती कोणते पुस्तक पडले, यावर अशा वेळी रुग्णाची पाठ अवलंबून असते.

शोधाचा आरंभ ग्रंथालयाच्या कपाटापासूनच करावा. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात परिचर्येचा क्रमांक ६१०.७३ असा आहे. तेथील पाठ्यपुस्तकातून विषयाचा पाया आणि परिभाषा समजते. मात्र पुस्तक लिहून, छापून कपाटात येईपर्यंत काही वर्षे लोटतात. म्हणून आवृत्तीचे साल प्रथम पाहावे. नवे संशोधन बहुधा आधी नियतकालिकांतून प्रसिद्ध होते. ती तर असंख्य; तेव्हा सूचीवाचून गत्यंतर नाही.

या सूचींमागे मोठे कष्ट आहेत. १९४० नंतरच्या दशकात लॉस एंजेलिस येथील एका रुग्णालयात एला क्रँडल यांनी परिचर्येवरील लेखांची नोंद साध्या कार्डांवर करण्यास प्रारंभ केला. त्यातूनच १९६१ साली छापील सूची निघाली. ‘सिनाल’ या नावाने ती आज संगणकावर वर्गणीदार ग्रंथालयांत उपलब्ध आहे. व्हर्जिनिया हेंडरसन यांनी येल विद्यापीठात १९०० ते १९५९ या काळातील परिचर्याविषयक अभ्यासांची सूची चार खंडांत सिद्ध केली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची ‘पबमेड’ ही सूची १९९७ पासून सर्वांस विनामूल्य खुली आहे.

सूची हाती आली तरी योग्य शब्द हवा. एकाच माणसाला घरात एका नावाने, कचेरीत दुसऱ्या नावाने हाक मारतात, तसेच रोगांचेही आहे. शय्याव्रणास इंग्रजीत बेडसोअर, डेक्युबिटस अल्सर, प्रेशर अल्सर अशी नावे असून २०१६ पासून अमेरिकेत प्रेशर इंज्युरी हे नाव पुढे आले. एकाच नावाने शोधणाऱ्यास निम्मे साहित्य दिसतच नाही. ही अडचण दूर व्हावी म्हणून सूचीकार प्रत्येक विषयास एक ठरीव शीर्षक देतात. ते आधी पाहून घ्यावे. मग प्रश्नाचे तुकडे पाडावे: रुग्ण कोण, उपचार कोणता, तुलना कशाशी, अपेक्षित परिणाम कोणता? समानार्थी शब्द ‘ऑर’ने जोडले की जाळे विस्तारते; निरनिराळे तुकडे ‘अँड’ने जोडले की नेमके तेवढेच हाती राहते.

मिळालेला प्रत्येक लेख सारख्या मोलाचा नसतो. एका परिचारिकेचा अनुभव, शंभर रुग्णांवरील तुलनात्मक प्रयोग आणि अशा अनेक प्रयोगांची पद्धतशीर समीक्षा यांचे वजन वेगवेगळे असते. समीक्षांचे हे कार्य १९९३ मध्ये स्थापन झालेली कॉक्रेन ही संस्था करीत आली आहे. केवळ सारांश वाचून थांबू नये. रुग्ण किती होते आणि ते कोणत्या परिस्थितीत होते, हे मूळ लेखातच कळते. परदेशातील अतिदक्षता विभागाचा निष्कर्ष खेड्यातील रुग्णालयास जसाच्या तसा लागू पडेलच असे नाही.

वाट चुकल्यास ग्रंथपालास विचारण्यात कमीपणा नाही. वाचकाचा वेळ वाचवावा, हे सूत्र डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली आपल्या पंचसूत्रीत सांगितले. परिचर्येच्या ग्रंथालयात वाचलेला तो वेळ अखेरीस रुग्णाच्याच उशाशी पोहोचतो.