अपू : पडद्यावरच्या एका दुकानदाराची तीस वर्षं

२५ फेब्रुवारी १९९० रोजी अमेरिकेतल्या फॉक्स वाहिनीवर 'द सिम्पसन्स' या नव्या कार्टून मालिकेचा एक भाग लागला. बार्ट नावाचा वांड मुलगा गावाच्या संस्थापकाच्या पुतळ्याचं मुंडकं कापून पळवतो, अशी त्याची गोष्ट. त्यात काही क्षणांपुरता एक दुकानदार दिसतो. सावळा रंग, काळेभोर केस, आणि बोलायला लागला की हेल काढून बोलतो ते भारतीय वळणाचं इंग्रजी. त्याचं नाव अपू. पुढची तीस वर्षं अमेरिकेतल्या घराघरांत 'भारतीय माणूस' म्हटलं की हाच दुकानदार डोळ्यांपुढे येणार होता, याची तो भाग बनवणाऱ्यांना तेव्हा कल्पना असणं शक्यच नव्हतं.

अपू जन्माला कसा आला याच्या दोन हकिकती सांगितल्या जातात. मालिकेचे लेखक माइक रीस म्हणतात की संहितेत फक्त 'दुकानदार' होता. तो भारतीय नको, कारण ते फार घासून गुळगुळीत झालेलं सोंग होईल, असं त्यांनी मुद्दाम बजावलं होतं. पण वाचनाच्या वेळी हँक अझारिया यांनी ते एक वाक्य भारतीय उच्चारात म्हटलं, खोलीत हशा पिकला आणि उच्चार राहिला. खुद्द अझारिया यांनी सांगितलेली आठवण वेगळी आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे निर्मात्यांनीच त्यांना विचारलं होतं की भारतीय हेल काढता येईल का, आणि तो किती बोचरा करता येईल. यातली कुठलीही खरी माना, पाया एकच निघतो. माणूस नंतर आला, आधी आला तो उच्चार.

तो उच्चारही थेट कुणा भारतीयाकडून आला नव्हता. अझारिया न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात वाढलेले. दुकानांत भेटणाऱ्या दक्षिण आशियाई विक्रेत्यांचं बोलणं त्यांच्या कानात होतंच, पण त्यांनी मोठा आधार घेतला तो १९६८ च्या 'द पार्टी' चित्रपटाचा. त्यात पीटर सेलर्स या ब्रिटिश नटानं चेहऱ्याला रंग फासून हृंदी बक्षी नावाचा बावळट भारतीय रंगवला होता. म्हणजे एका गोऱ्या नटानं केलेल्या नकलेची ही दुसऱ्या गोऱ्या नटानं केलेली नक्कल. नाव मात्र फार मोठ्या घराण्यातलं मिळालं. सत्यजित राय यांच्या चित्रत्रयीतल्या अपूला मान म्हणून ते ठेवलं गेलं. आडनाव नहासापीमापेटिलॉन. असं आडनाव भारतातल्या कुठल्याच प्रांतात सापडणार नाही. रायांच्या अपूबद्दलचा आदर आणि लांबलचक आडनावावरचा विनोद एकाच पात्रात एकत्र नांदत होते, आणि पुढची सगळी वर्षं तसेच नांदले.

एवढ्या उथळ मातीत हे पात्र वाढलं कसं, हा मला या कहाणीतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. मालिकेचे लेखक चांगले होते. वारंवार पडद्यावर येणाऱ्या माणसाला नुसत्या हेलावर जगवता येत नाही, हे त्यांना कळत होतं. १९९२ च्या एका भागात बार्टचा बाप होमर सिम्पसन याच्या घराला आग लागते तेव्हा विझवायला येणाऱ्या स्वयंसेवकांत अपू असतो. त्याच्या दुकानात गणपतीची मूर्ती असते. १९९४ च्या 'होमर अँड अपू'मध्ये शिळं मांस विकल्याबद्दल त्याची नोकरी जाते, तो सिम्पसनांच्या घरी राहून कामं करून प्रायश्चित्त घेतो आणि शेवटी दुकानात आपल्या जागी काम करणाऱ्या नटाला वाचवताना स्वतः गोळी झेलतो. १९९५ मध्ये होमरची आठ वर्षांची मुलगी लिसा मांसाहार सोडते. घरात, शाळेत सगळीकडे तिची टिंगल होते तेव्हा दुकानाच्या गच्चीवरच्या बागेत तिला समजावतो तो अपूच. आपली श्रद्धा दुसऱ्यावर लादू नये, पण सोडूही नये, हे तो तिला सांगतो. त्या प्रसंगात त्याच्या तोंडी विनोद आहेत, पण विनोद त्याच्यावर नाहीत.

कळस गाठला तो ५ मे १९९६ च्या भागानं. कॅलिफोर्नियात १९९४ मध्ये कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांच्या सवलती काढून घेणारा 'प्रपोझिशन १८७' हा प्रस्ताव मतदारांनी मंजूर केला होता. त्याची सावली या भागावर आहे. गावात एक अस्वल शिरतं, त्याच्या बंदोबस्तासाठी कर वाढतो, लोक चिडतात आणि महापौर सगळं खापर परदेशी माणसांवर फोडतो. अपूचा व्हिसा कधीच संपलेला. मग त्याचा पूर्वेतिहास उलगडतो. हा माणूस भारतातून पदवी घेऊन आला, अमेरिकेत संगणकशास्त्रात डॉक्टरेट केली, शिक्षणाचं कर्ज फेडायला दुकानात उभा राहिला आणि कर्ज फिटल्यावरही मित्रांच्या ओढीनं तिथेच थांबला.

घाबरून तो खोटी कागदपत्रं मिळवतो. काउबॉयची टोपी घालतो, अमेरिकी ढंगात बोलायला लागतो, गणपतीची मूर्ती हलवतो. आणि मग त्याला ते सहन होत नाही, तो कोसळतो. परदेशात राहणाऱ्या कुणालाही, मग तो न्यू जर्सीतल्या एडिसनमधला मराठी अभियंता असो की शिकागोतली डॉक्टर, हा प्रसंग आतून कळेल. शेवटी लिसा कायद्यातली वाट शोधून काढते आणि अपू नागरिकत्वाची परीक्षा देतो. यादवी युद्धाचं कारण विचारल्यावर तो सामाजिक, आर्थिक कारणं सविस्तर मांडायला लागतो, तर परीक्षक त्याला थांबवून 'गुलामगिरी एवढंच म्हणा' असं सांगतो. डेव्हिड कोहेन यांनी लिहिलेला हा भाग स्थलांतरितांच्या बाजूनं दूरचित्रवाणीवर मांडल्या गेलेल्या उत्तम गोष्टींपैकी एक आहे असं मी मनापासून मानतो.

पुढच्याच वर्षी मंजुला आली. आईनं लहानपणीच ठरवलेलं लग्न टाळायला अपू धडपडतो, आणि मांडवात वधूशी चार शब्द बोलल्यावर त्याला ती आवडते. मग १९९९ मध्ये एकाच वेळी आठ मुलं झाली आणि तिथून पात्राची घसरण सुरू झाली. २००२ मध्ये विवाहबाह्य संबंधाची एक गोष्ट झाली. नंतर बरीच वर्षं तो गल्ल्यामागे उभा राहून दोन वाक्यांपुरता उरला. २००७ मध्ये 'सिम्पसन्स'च्या चित्रपटाच्या जाहिरातीसाठी अमेरिका आणि कॅनडात मिळून 'सेव्हन-इलेव्हन' या साखळीची बारा दुकानं काही काळ अपूचं दुकान 'क्विक-ई-मार्ट' म्हणून सजवली गेली. लोकांनी रांगा लावल्या.

या सगळ्या काळात शाळांमधून वेगळंच चाललं होतं. १९९० च्या जनगणनेत अमेरिकेत भारतीय वंशाचे लोक सुमारे आठ लाख होते. त्यांची मुलं वर्गात बहुधा एकटीदुकटी असायची. दूरचित्रवाणीवर त्यांच्यासारखं दिसणारं दुसरं कुणी जवळजवळ नव्हतंच. त्यामुळे डॉक्टरेट केलेला, करुणा असलेला, गोळी झेलणारा अपू त्यांच्या वाट्याला आलाच नाही. त्यांच्या वाट्याला आला तो उच्चार, आणि 'थँक यू, कम अगेन' या अपूच्या ठरलेल्या वाक्याची पाठीमागून येणारी आरोळी. पुण्यात किंवा नागपुरात बसून ही मालिका पाहणाऱ्याला यात चिडण्यासारखं काय, असं वाटलं तर ते स्वाभाविक आहे. आपल्याला पडद्यावर रोज शंभर तऱ्हेचे भारतीय दिसतात. एखादं सोंग त्यांत विरून जातं. तिथे एकच होता, म्हणून सगळ्यांचं ओझं त्याच्यावर आलं.

हे उघडपणे बोलला तो हरी कोंडाबोलू. तोही क्वीन्सचाच, तेलुगू आईवडिलांचा मुलगा, पेशानं विनोदवीर. अपू पडद्यावर आला तेव्हा तो सात वर्षांचा होता. २०१२ मध्ये एका कार्यक्रमात त्यानं यावर पहिल्यांदा जोरदार टीका केली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये 'द प्रॉब्लेम विथ अपू' हा माहितीपट आणला. त्यात काल पेन, अझीझ अन्सारी, हसन मिन्हाज हे कलाकार, अमेरिकेचे माजी सर्जन जनरल विवेक मूर्ती असे अनेक जण बोलले. कोंडाबोलूला ही मालिका मनापासून आवडते आणि त्यानं ते लपवलेलं नाही. म्हणूनच त्याच्या तक्रारीला वजन आहे. अपूला काढून टाका, अशी त्याची मागणी नव्हतीच.

मालिकेला मात्र आत्मपरीक्षणाची संधी त्याआधीच मिळाली होती आणि ती तिनं घेतलीही होती. जानेवारी २०१६ च्या एका भागात अपूचा पुतण्या जमशेद ऊर्फ जय येतो. अमेरिकेत वाढलेला हा तरुण काकाला तोंडावर सांगतो की तू एक साचा आहेस. त्याला आवाज दिला उत्कर्ष अंबुडकर यानं. आडनाव मराठी वाचकाला घरचं वाटेल. इथून मोठी वाट निघू शकली असती. तसं झालं नाही.

माहितीपटाला उत्तर आलं ८ एप्रिल २०१८ च्या भागात, आणि ते लिसाच्या तोंडून आलं. एकेकाळी वाखाणलेली, निरुपद्रवी मानलेली गोष्ट आता आक्षेपार्ह ठरते, तर काय करणार, अशा अर्थाचं ती बोलते आणि शेजारच्या अपूच्या चौकटीतल्या फोटोकडे पाहते. मला हा प्रसंग या मालिकेतला सर्वांत दुःखद वाटतो. लिसा ही दुबळ्याच्या बाजूनं उभी राहणारी मुलगी. अपूनं तिला गच्चीवर धीर दिला होता, तिनं त्याला नागरिकत्व मिळवून दिलं होतं. तिला खांदे उडवायला लावणं हा अपूवर अन्याय होताच, तिच्यावरही होता.

अझारिया यांची वाट वेगळी. १९९८ मध्ये याच आवाजासाठी त्यांना एमी पुरस्कार मिळाला होता. टीका झाल्यावर आधी ते माहितीपटात यायला तयार झाले नाहीत. पण ऐकत राहिले. एप्रिल २०१८ मध्ये स्टीफन कोल्बेअर यांच्या कार्यक्रमात त्यांनी बाजूला व्हायची तयारी दाखवली, लेखकांच्या खोलीत भारतीय माणसं हवीत असंही सांगितलं. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी भूमिका सोडली. २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली, आणि २०२३ मध्ये ते व कोंडाबोलू एका रेडिओ कार्यक्रमात समोरासमोर बसून बोलले. स्वतःच्या सर्वांत गाजलेल्या कामाकडे इतक्या प्रामाणिकपणे परत पाहणारे कलाकार थोडे असतात.

जून २०२० मध्ये मालिकेनं जाहीर केलं की गौरेतर पात्रांना यापुढे गोरे कलाकार आवाज देणार नाहीत. त्यानंतर कार्ल आणि डॉ. हिबर्ट या कृष्णवर्णीय पात्रांपैकी कार्लचा आवाज ॲलेक्स डेझर्ट यांच्याकडे गेला, डॉ. हिबर्टचा केव्हिन मायकेल रिचर्डसन यांच्याकडे. दोन्ही पात्रं बोलत राहिली. अपूला मात्र आवाज मिळाला नाही. तो गर्दीत दिसतो, काही बोलत नाही. मालिकेचे निर्माते मॅट ग्रेनिंग यांनी २०२१ मध्ये म्हटलं की अपूसाठी बेत आहेत, पण गोष्टी जमतात का ते पाहावं लागेल.

गोष्टी जमण्यासारख्या नक्कीच आहेत. आठ मुलं अमेरिकी शाळेत जाताहेत, मंजुलाला स्वतःचं काही करायचंय, डॉक्टरेट घेतलेला बाप अजून गल्ल्यावर उभा आहे, आणि जय नावाचा पुतण्या त्याच गावात आहे. या पात्रांना आतून ओळखणारे लेखक आणि कलाकार आज अमेरिकेत डझनांनी आहेत. त्यांच्यातल्या कुणाला तरी बोलावून १९९६ च्या त्या भागाच्या तोडीची एक संहिता लिहून घ्यावी, आणि अपूला त्याच्या स्वतःच्या घरात काय चाललंय ते बोलू द्यावं.