पुलाखालचा फॉर्म सहा

बेघर माणसाला मतदार व्हायचं असेल तर त्याच्याकडे पत्त्याचा कागद मागायचा नाही. त्यानं अर्जात जी जागा लिहिली असेल तिथं बीएलओनं रात्री जायचं, तो खरंच तिथं झोपतो का ते बघायचं आणि त्यासाठी एकाहून जास्त रात्री जायचं. निवडणूक आयोगाची ही सूचना वाचली आणि मी तिथंच थांबले. एरवी माणूस कचेरीचे उंबरे झिजवतो. इथं कचेरीनं माणसाकडे खेटे घालायचे, तेही पुलाखाली. हे होतं कसं, ते बघायला एका शुक्रवारी रात्री पुण्यात स्वारगेटच्या उड्डाणपुलाखाली गेले.

बीएलओ म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. ज्यांच्याबरोबर गेले त्या बाई महापालिकेच्या शाळेत तिसरीला शिकवतात. दिवसभर शाळा, संध्याकाळी घरचा स्वयंपाक, मग खांद्याला पिशवी. पिशवीत मतदारयादी, कोरे फॉर्म सहा, म्हणजे नव्या मतदाराच्या नोंदणीचे अर्ज, आणि शाईचा पॅड. "एका केंद्राला बाराशेपर्यंत मतदार. मानधन वर्षाला बारा हजार. म्हणजे माणशी दहा रुपये, वर्षाचे," त्या म्हणाल्या. सूर तक्रारीचा नव्हता. वर्गात भागाकार समजावतात तसा होता. २०२५ मध्ये वाढ होण्याआधी हे मानधन सहाच हजार होतं.

पुलाखाली अर्धी माणसं झोपलेली. एक बाई शनिवारच्या विक्रीसाठी लिंबू, मिरच्या आणि बिब्बा ओवत बसली होती. डिझेलच्या धुरातही लिंबाच्या सालीचा आणि हिरव्या मिरचीचा वास वेगळा कळत होता. तो अजून नाकात आहे. बीएलओ बाई तिच्या शेजारी पोत्यावरच बसल्या.

"नाव सांगा, मावशी."

"पिंकीची आई."

"तसं नाही. तुमचं स्वतःचं. आईबापानं ठेवलेलं."

मावशी हसली. शेजारणीकडं बघितलं. पुन्हा सुई हातात घेतली. दोन लिंबं ओवून झाली तरी बाई काही बोलल्या नाहीत, घड्याळ बघितलं नाही, पेनाचं टोपणही लावलं नाही. मग नाव आलं, हळू आवाजात. बाईंनी ते लिहिलं, मोठ्यानं वाचलं. "तसं नाही," म्हणून मावशीनं आडनाव पुन्हा सांगितलं आणि नीट लिहून घेतलं.

देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या होत होत्या तेव्हा लाखो बायकांनी आपलं नाव सांगितलं नव्हतं. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांचा आग्रह होता की मतदार तिच्या स्वतःच्या नावानंच नोंदली जावी. तो आग्रह योग्यच होता. पण त्यापायी सुमारे २८ लाख बायका यादीबाहेर राहिल्या. अठ्ठावीस लाख! त्यांतल्या कितीजणींजवळ कुणी दोन लिंबं ओवून होईपर्यंत बसून राहिलं असेल?

पुढचं काम झटपट झालं: फोटो, वय, अंगठा. बीएलओचा अहवाल जाणार, निर्णय मतदार नोंदणी अधिकारी घेणार.

या कामात हयगय झाली तर लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम ३२ नुसार किमान तीन महिने ते दोन वर्षं कैद होऊ शकते. शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नयेत असं शिक्षणहक्क कायदा म्हणतो, पण निवडणुकीचं काम त्यातून वगळलेलं आहे. मोबदला माणशी दहा रुपये. शनिवारी सकाळची शाळा होतीच.

बोलता बोलता मावशीनं सांगितलं, पिंकी महापालिकेच्या दवाखान्यात जन्मली आणि पालिकेच्याच शाळेत जाते. म्हणजे केसपेपरवर या बाईचं नाव एकदा लिहिलं गेलं होतं, शाळेच्या दाखल्यासाठी पुन्हा विचारलं गेलं होतं. सरकारला ती कधीच सापडलेली होती. दोन्ही खिडक्यांवर फॉर्म सहा तिच्यापुढं कुणी ठेवला नाही, कारण ते त्यांचं काम नव्हतं. अमेरिकेत १९९३ च्या मतदार नोंदणी कायद्यानं बहुतेक राज्यांत ते खिडकीवरच्या माणसाचं काम केलं आहे. वाहन परवाना काढायला येणाऱ्याला आणि सरकारी मदतीचा अर्ज करणाऱ्याला, मतदार म्हणून नोंदवायचं आहे का, हे विचारावंच लागतं. मदतीच्या कचेऱ्यांत तर स्वतःच्या अर्जाला जेवढी मदत करतात तेवढीच या अर्जालाही करायची असते. तिथंही टाळाटाळ होते, खटले होतात. पण जबाबदारी कचेरीची आहे, हे कायद्यात लिहिलेलं आहे.

रेशन दुकान, दवाखाना, आयटीआय, शाळा इथं फॉर्म सहा ठेवणं आणि तो भरायचा आहे का हे विचारणं आपल्याकडंही बंधनकारक व्हायला हवं. सगळं राज्य एका शिक्षिकेच्या पिशवीत कोंबून चालणार नाही.

तोवर आपल्याला जमेल तेवढं आपण करू. तुमच्या रस्त्यावर, पुलाखाली कुणी राहत असेल तर त्यांना सांगा की पत्त्याच्या कागदावाचून अडत नाही. घरात सतरा पूर्ण झालेलं कुणी असेल तर त्याला आगाऊ अर्ज करता येतो. नाव लागायला आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. चौकशीसाठी क्रमांक १९५०.