यादीतला अनोळखी पाहुणा

घरी वायफाय असेल तर राउटरचे पान कधीतरी उघडून पाहावे. ते उघडण्याचा पत्ता, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा, राउटरच्या तळाशी चिकटवलेला असतो. या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी मिळते. समजा, घरात दोन फोन, एक टीव्ही आणि एक लॅपटॉप आहे. यादीत मात्र पाच नावे. हा पाचवा कोण?

पहिला संशय शेजाऱ्यावर जातो. तो अगदीच निराधार नसतो. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर. विटांची भिंत त्या सहज ओलांडतात. आपल्या धाराशिवकडच्या जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंती त्यांना बऱ्याच अडवतात, पण दारे-खिडक्या मोकळ्याच असतात. शिवाय तुळजापुरात अनेक घरी भाविक उतरतात. पासवर्ड एकदा पाहुण्याला सांगितला की तो किती फोनांत जाऊन बसला याचा हिशेब राहत नाही. तरीही शोधाची सुरुवात आपल्याच घरापासून करावी.

यादीत प्रत्येक उपकरणासमोर बारा अंकांचा एक क्रमांक दिसतो. त्याला मॅक पत्ता म्हणतात. हे अंक सोळाच्या पायातले, म्हणजे ० ते ९ आणि पुढे ए ते एफ. एका अंकाला चार बिट, म्हणून एकूण ४८ बिट. यातून सुमारे २८१ लाख कोटी वेगवेगळे पत्ते तयार होतात. सामान्यतः पहिले सहा अंक निर्मात्या कंपनीचे असतात. मात्र हा निर्माता पुष्कळदा आतल्या चकतीचा, म्हणजे चिपचा असतो. वायफायवर चालणारा दिवा यादीत ‘एस्प्रेसिफ’ या चिनी कंपनीच्या नावाने दिसतो आणि दिवा ज्याने विकत आणला तोच घाबरतो!

फोनची गोष्ट आणखी गमतीची. पूर्वी फोनचा मॅक पत्ता कायम एकच असे, त्यामुळे दुकाने-बाजारांतून फिरणाऱ्या माणसाचा माग काढता येई. म्हणून अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयफोनच्या आयओएस १४ (२०२०) पासून फोन खरा पत्ता लपवून प्रत्येक जाळ्यासाठी एक बनावट पत्ता तयार करू लागले. तो ओळखण्याची खूण वर्गात शिकवण्याजोगी आहे. पत्त्याचा दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता कारखान्यातला नव्हे. हे अंक द्विमान पद्धतीत ००१०, ०११०, १०१०, १११० असे लिहा. चारही ठिकाणी शेवटून दुसरा बिट १ आहे. तीच ती खूण. अनोळखी वाटणारा पाचवा अनेकदा आपलाच फोन असतो, नवा मुखवटा घातलेला.

आता घरातील एकेका उपकरणाचे वायफाय बंद करावे आणि कोणते नाव गळते ते पाहावे. काही राउटर गेलेल्यांची नावेही तासन्‌तास ठेवतात. अशा वेळी राउटर बंद करून पुन्हा सुरू करावा. सगळी उपकरणे बंद असूनही एखादे नाव उरले, तर तो बाहेरचा.

‘थोडे नेट वापरले तर काय बिघडले?’ असे कोणी म्हणेल. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटे वृत्तसंस्थांना धमकीचा ई-मेल गेला होता. त्याचा माग काढत पोलीस नवी मुंबईतील सानपाड्यात एका अमेरिकन नागरिकाच्या घरी पोहोचले. त्याच्या वायफायला कुलूपच नव्हते. ते दुसऱ्याच कोणी वापरले होते. सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या स्फोटांच्या वेळीही ई-मेल चेंबूरमधील एका कंपनीच्या उघड्या वायफायवरून गेला. असे होते, कारण राउटरच्या आत उपकरणे कितीही असोत, बाहेरच्या जगाला त्या सर्वांचा मिळून एकच पत्ता दिसतो. तो ज्याच्या नावावर, त्याच्या दारी चौकशी.

बाहेरच्याचा मॅक पत्ता राउटरमध्ये अडवून ठेवण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. मला तो कुचकामी वाटतो; पत्ता क्षणात बदलता येतो हे आपण आताच पाहिले. पासवर्डच बदलावा, लांब ठेवावा, आणि सुरक्षेच्या पर्यायांत डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडावे. राउटरच्या पानाचा पासवर्डही निराळा करावा. पाहुण्यांसाठी ‘गेस्ट’ जाळे वेगळे ठेवता येते. डब्ल्यूपीएस नावाची सोय बंद करावी. तिचा पिन आठ अंकी असला तरी शेवटचा अंक फक्त पडताळ्याचा, आणि पिन दोन तुकड्यांत तपासला जातो. म्हणून एक कोटी नव्हे, १०,००० अधिक १,००० म्हणजे ११,००० प्रयत्नच पुरतात. ही त्रुटी २०११ मध्ये उघडकीस आली.

पासवर्ड बदलला की तासाभरात घरातून ‘नेट गेले’ अशी हाक येतेच. टीव्ही, फोन, दिवा यांना एकेक करून नवा पासवर्ड द्यावा आणि प्रत्येकाचा मॅक पत्ता एका वहीत उतरवून ठेवावा. पुढच्या वेळी यादी पाहताना ही वही शेजारी असली की काम पाच मिनिटांचे.