सुवर्णात बांधलेले घर

अलंकाराच्या घडणीत वास्तूचा घाट उतरविण्याची हौस सराफीत नवी नाही. देवळाचे शिखर, कमान, छत्री यांचे आकार आपल्याकडील कारागिरांनीही दागिन्यांत आणले आहेत. परंतु इमारतीचा आकार निव्वळ शोभेसाठी न येता दोन माणसांमधील नात्यातून यावा, हे क्वचित घडते. मध्ययुगीन युरोपातील ज्यू समाजाच्या विवाहमुद्रिका हे त्याचे उत्तम उदाहरण होय. (ज्यू म्हणजे कोकणातील बेने इस्रायल बांधवांचे धर्मबंधू, हे वाचक जाणतातच.)

ज्यू विवाहविधीत वराने वधूस काही मूल्य असलेली स्वतःची वस्तू द्यावयाची असते व तिने ती स्वीकारली म्हणजे विवाह सिद्ध होतो. ही वस्तू बहुधा अंगठी असते. मात्र तिच्यात रत्न जडवू नये असा संकेत आहे. त्याचे कारण आमच्या व्यवसायबंधूंस फोड करून सांगावयास नको. सोन्याचा कस लावता येतो, वजन करता येते. खड्याची किंमत पारख्यावाचून कळत नाही. वधूच्या मनात एक किंमत आणि वस्तूची दुसरीच, असा संशयही त्या क्षणी राहू नये, हा त्यामागील हेतू.

रत्न वर्ज्य झाल्यावर सोनाराने आपले कसब दाखवावे कोठे? आमच्या मते याच अडचणीतून त्याला घर सुचले असावे.

जर्मनीतील एरफुर्ट येथे १९९८ साली सापडलेली चौदाव्या शतकातील अंगठी पाहावी. वेढ्याच्या माथ्यावर गॉथिक धाटणीची चिमुकली वास्तू उभी आहे. कमानींत नाजूक जाळीकाम, उतरत्या छपरावर हिब्रू अक्षरांत 'मझल तोव' हे शुभचिंतन. छपराखाली सोन्याची एक बारीक गोळी मोकळी ठेवली असून हात हलला की ती किणकिणते. आणि वेढ्याच्या तळाशी एकमेकांत गुंतलेले दोन हात. हातात हात ही रोमन काळापासून विवाहाची खूण. आपल्या पाणिग्रहणाची आठवण कोणास होणार नाही? माथ्यावरील वास्तूस कोणी जेरुसलेमचे मंदिर मानतात, कोणी नवदांपत्याचा संसार. आम्हांस दुसरा अर्थ जवळचा वाटतो. हल्ली एखाद्या प्रसिद्ध इमारतीची लहान प्रतिकृती पदकावर चढवितात, तिच्यात हे बळ येत नाही. अशी अंगठी नित्य वापरावयाची नव्हे; ती विधीपुरतीच बोटात जात असावी.

१३४८-४९ मध्ये युरोपात प्लेगने थैमान घातले, तेव्हा ज्यूंनी विहिरींत विष कालविल्याची कंडी पिकली. त्यांची देणी बुडविण्यास अनेकांना ती सोयीचीच होती. मार्च १३४९ मध्ये एरफुर्टमधील ज्यूंची कत्तल झाली. त्या सुमारास कोणीतरी आपली चीजवस्तू तळघराच्या भिंतीखाली पुरली : ३१४१ चांदीची नाणी, चांदीच्या १४ लगडी, सातशेहून अधिक घडीव जिन्नस, सारे मिळून सुमारे २८ किलो. कालमान नावाचा व्यापारी हा त्याचा धनी असावा, असे संशोधक मानतात. ठेव उकरण्यास कोणी परत आले नाही.

फ्रान्समधील कोल्मार येथेही १८६३ साली एका घराच्या भिंतीत असाच ठेवा मिळाला. त्यातील घराच्या आकाराची अंगठी मीनाकाम केलेली असून ती पॅरिसच्या क्लूनी संग्रहालयात आहे. एरफुर्टची अंगठी तेथल्याच जुन्या सिनेगॉगमध्ये २००९ साली उघडलेल्या संग्रहालयात ठेवली आहे.