फोटोशॉप शिकायचे, पण कोणत्या पुस्तकातून?

खानापूर तालुक्यातील एका गावात फोटो स्टुडिओ चालविणाऱ्या तरुणाने मध्यंतरी एक फलक दाखविला. गावच्या शाळेतील गुरुजींच्या निरोप समारंभासाठी तो त्यानेच केला होता. गुरुजींचे छायाचित्र झकास, रंगसंगती नेटकी; पण 'सेवानिवृत्ती' या शब्दातील 'नि'ची वेलांटी शेजारच्या अक्षराला जाऊन चिकटलेली, 'त्ती' हे जोडाक्षर फुटून पाय मोडलेले. ज्या गुरुजींनी आयुष्यभर गावाला शुद्धलेखन शिकविले, त्यांच्याच निरोपाला अशुद्ध फलक! "मी मोबाइलवर बरोबरच लिहिलं होतं हो. कॉम्प्युटरात घेतलं की मोडतंय. पण लोकांनी नावं ठेवली ती मलाच," तो सांगत होता.

त्याच्या फळीवर फोटोशॉपची तीन जाडजूड इंग्रजी पुस्तके होती. मराठी शाळेत दहावी झालेल्या या मुलाने ती शब्दकोश हाताशी घेऊन वाचली होती. ही वेलांटी का उडते, याचे उत्तर मात्र एकाही पुस्तकात त्याला सापडले नव्हते.

सीमाभागातील मराठी माणूस १९५६ पासून भाषेसाठी भांडत आला आहे. शाळा, सरकारी कागदपत्रे, पाट्या हे आपले नेहमीचे विषय. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनंतर पाटीवरील ६० टक्के जागा कन्नडला देणे कायद्याने बंधनकारक झाले आणि पाट्यांचा विषय पुन्हा तापला. ते सारे आपल्या जागी आहे. पण उरलेल्या जागेत जी मराठी लिहायची ती तरी धड लिहिली जावी, एवढे आपल्या हातात आहे की नाही? त्यासाठी फलक करणाऱ्या मुलाला त्याचे काम त्याच्या भाषेतून समजले पाहिजे.

पुस्तक कसे पारखावे?

फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० साली आली. त्यानंतर तिच्यावर इतकी पुस्तके निघाली की नवशिक्याने गोंधळून जावे. विकत घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, पुस्तक कोणत्या आवृत्तीवर लिहिले आहे. २०१३ पासून फोटोशॉप वर्गणीवर मिळू लागले आणि त्यात वारंवार बदल होतात. आपल्याकडील आवृत्ती एक आणि पुस्तकातील दुसरी असली, की सांगितलेले बटण सांगितल्या जागी नसते.

दुसरी, शेवटची सूची. संदर्भग्रंथ कादंबरीसारखा पहिल्या पानापासून वाचायचा नसतो, तो अडल्या वेळी उघडायचा असतो. सूची नसेल तर त्याचा उपयोग निम्मा झाला.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, पुस्तक 'का' सांगते की नुसते 'कुठे दाबा' सांगते. कळ कोणती दाबायची हे पुढच्या आवृत्तीत बदलते, पण कारण बदलत नाही. पासपोर्टचा फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा असतो. इंचाला ३०० पिक्सेल धरून तो छापायचा, तर ४१३ बाय ५३१ पिक्सेल लागतात. हा हिशेब ज्याला उमगला, त्याला लग्नाच्या अल्बमचे पानही मांडता येते. व्हॉट्सॲपवरून आलेला लहानसा फोटो मोठ्या फलकावर का फाटतो, हेही त्याला कोणी सांगावे लागत नाही.

इंग्रजीत 'क्लासरूम इन अ बुक' ही मालिका धड्याधड्याने शिकविते आणि सरावासाठी चित्रेही पुरविते. जुने, फाटके फोटो दुरुस्त करणाऱ्यांसाठी कॅट्रिन आइस्मन यांचे 'फोटोशॉप रिस्टोरेशन अँड रिटचिंग' हे पुस्तक नावाजलेले आहे. आवृत्ती जुनी असली तरी त्यातील विचार आजही कामाला येतो.

आणखी एक संदर्भ आपल्याच गावात असतो. तो म्हणजे जुना स्टुडिओवाला. फोटोशॉपमधील 'डॉज' आणि 'बर्न' ही साधने अंधारखोलीतून आली आहेत. कागदावर प्रकाश पडत असताना हाताने किंवा पुठ्ठ्याने काही भाग झाकायचा म्हणजे तो उजळ राहतो, हे डॉज. काही भागावर प्रकाश जास्त वेळ पाडायचा म्हणजे तो गडद होतो, हे बर्न. ज्या काकांनी निगेटिव्हवर पेन्सिलीने चेहऱ्याचे डाग घालविले, त्यांच्यापाशी तासभर बसा. पुस्तकातील दहा पाने मराठीत समजतील.

मराठीतून काय मिळते?

फोटोशॉपची वर्गणी ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी 'जिंप' हे मोफत सॉफ्टवेअर आहे. बर्कले येथील दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली त्याची सुरुवात केली. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात त्याचे पाठ मराठी आवाजात, फुकट पाहायला मिळतात. मूळ पाठ जर्मनीतील ब्रेमेन येथील रॉल्फ स्टाइनोर्ट यांचे. जर्मन माणसाने इंग्रजीत शिकविलेले आपल्याला मराठीत ऐकता येते! हे पाठ जिंपच्या जुन्या आवृत्तीवर आहेत आणि २०२५ मध्ये तिसरी आवृत्ती आल्याने काही जागा बदलल्या आहेत. तरीही लेयर म्हणजे काय, मास्क कशाला, हे समजून घ्यायला ते पुरेसे आहेत.

येथे एक सूचना कराविशी वाटते. लेयरला 'स्तर' आणि मास्कला 'आवरण' म्हणण्याच्या खटाटोपात पडू नये. पडद्यावर 'लेयर' लिहिलेले असेल तर शब्द तोच ठेवावा, पण समजावून मात्र मराठीत सांगावे. एकावर एक ठेवलेल्या काचा, त्यातील एकीवर कुंकू लावले तरी खालची कोरीच राहते, असे सांगितले की लेयर पोरालाही कळतो.

इंग्रजी पुस्तकात नसलेले पान

आता त्या वेलांटीकडे येऊ. फोटोशॉपच्या कित्येक आवृत्त्यांमध्ये अक्षरे जुळविण्याची मूळ व्यवस्था रोमन लिपीसाठी असते. प्रेफरन्सेसमधील 'टाइप' या भागात 'वर्ल्ड-रेडी लेआउट' किंवा जुन्या आवृत्तीत 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' हा पर्याय निवडावा. मग नवी फाइल उघडून पॅराग्राफच्या खिडकीतील यादीतूनही त्याच नावाचा पर्याय घ्यावा. वेलांटी जागेवर येते, जोडाक्षरे जुळतात. कन्नड ओत्तक्षरेही याच कारणाने मोडतात आणि याच उपायाने सुधारतात. त्यामुळे दोन्ही लिपींत काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

दुसरी मेख फाँटची. छापखान्यांतील जुने मराठी फाँट युनिकोड नाहीत. मोबाइलवरून आलेल्या युनिकोड मजकुराला तसला फाँट लावला तर अक्षरांचा चिवडा होतो. अशा वेळी एक तर युनिकोड फाँट घ्यावा, नाहीतर मजकूर आधी रूपांतरित करून घ्यावा.

ही दहा-बारा वाक्ये त्या तरुणाला वेळेवर मिळाली असती, तर गुरुजींचा फलक बिघडला नसता. इंग्रजी लेखकाला वेलांटीची अडचण येत नाही, मग तो त्याबद्दल लिहील कशाला? आपली अडचण आपणच लिहिली पाहिजे.

हे काम अवघड नाही. जिंपची अधिकृत मार्गदर्शिका मुक्त परवान्याखाली आहे. त्याच परवान्यावर तिचा अनुवाद करायला, छापायला आणि वाटायला कोणाचीही आडकाठी नाही. गावोगावच्या वाचनालयांनी दरवर्षी कथा-कादंबऱ्यांच्या जोडीला असे एक चांगले संदर्भपुस्तक घ्यावे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडील स्टुडिओवाल्यांनी आपल्याला आलेली अडचण आणि सापडलेला उपाय एका वहीत उतरवावा आणि ती वही वाचनालयात ठेवावी. वर्षभरात तेच आपले मराठी पुस्तक होईल.

त्या तरुणाने तो फलक दुरुस्त करून पुन्हा छापला आणि स्वतः गुरुजींच्या घरी नेऊन दिला. गुरुजींनी चष्मा लावून तो अक्षर न् अक्षर वाचला आणि म्हणाले, "आता बरोबर आहे." वहीच्या पहिल्या पानावर काय लिहायचे, हे त्या मुलाला आता कोणी सांगण्याची गरज नाही.